पाटीवरची सरस्वती आणि घरातली लीलावती

नवरात्रात कुमारिकापूजनाचा कुलाचार आपल्याकडे पुष्कळ घरांतून आहे. अष्टमीला अथवा नवमीला शेजारपाजारच्या लहान मुलींना बोलावून त्यांचे पाय धुवावेत, कपाळी हळदकुंकू लावावे, पुरणावरणाचे जेवू घालावे आणि हातावर दक्षिणा ठेवून त्यांना नमस्कार करावा. देवीभागवतात या कुमारिकांची वयपरत्वे नावे सांगितली आहेत. दोन वर्षांची ती कुमारिका, तीन वर्षांची त्रिमूर्ती, चार वर्षांची कल्याणी, पाच वर्षांची रोहिणी, असे चढत चढत नऊ वर्षांची दुर्गा आणि दहा वर्षांची सुभद्रा. यादी येथे संपते. दहा वर्षांपुढील मुलगी या पूजेला घेऊ नये, असेही तेथे स्पष्ट सांगितले आहे.

पूजाविधीपुरते ते योग्यच असेल. परंतु नारदांच्या गादीवर उभा राहून चाळीसएक वर्षे बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या संपलेल्या यादीकडे पाहून एक प्रश्न पडतो. अकराव्या वर्षापासून पुढे त्या मुलीचे काय करावयाचे? तिला कोणत्या नावाने हाक मारावयाची, तिच्यापुढे कोणते ताट वाढावयाचे, हे ग्रंथाने सांगितलेले नाही. ते घराने ठरवावयाचे असते. आणि घरे ते कसे ठरवितात, विशेषतः मुलगी विज्ञानाकडे अथवा यंत्रविद्येकडे निघाली असता कसे ठरवितात, त्याविषयी या सणाच्या पानावर चार शब्द लिहावेत असे मनात आले. पूजेच्या दिवसांत हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. मला वाटते, याच दिवसांत तो काढला पाहिजे. देवी घरी बसलेली असते. तिच्यादेखत बोलणे बरे.

सुज्ञ वाचकांपैकी अनेकांची समजूत अशी असेल की, मुलींना विज्ञानाची गोडीच कमी. ही समजूत आता टाकून द्यावी. केंद्र शासनाच्या उच्चशिक्षण-पाहणीत २०२१-२२ या वर्षी पदवीपासून पीएच.डी.पर्यंत विज्ञान शाखेत शिकणारे ५७ लाखांवर विद्यार्थी मोजले गेले. त्यांत मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. म्हणजे शिकावयास मुली अधिकच आहेत. परंतु प्रयोगशाळांतून प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांची मोजदाद घ्यावी, तर स्त्रिया पाचांत जेमतेम एक. वर्गात निम्म्याहून अधिक आणि कामावर पाचांत एक, तर मधल्या कुठे गेल्या? त्यांची बुद्धी काही पदवीदानाच्या दिवशी ओसरली नाही. संस्थांचे दोष आहेत, नोकऱ्यांची टंचाई आहे, हे सारे मान्य. पण मला जी वाट दिसते ती आपल्या उंबऱ्यावरून जाते. मुलींना तेथून परत बोलावले जाते, आणि बोलावणारे कोणी दुष्ट नसतात. ते तुमच्याआमच्यासारखे देवभोळे, मुलीवर जीव टाकणारे लोक असतात.

कीर्तनात मी लीलावतीचे आख्यान सांगतो. ते श्रोत्यांना फार आवडते. भास्कराचार्य थोर ज्योतिषी. कन्येच्या पत्रिकेत वैधव्ययोग दिसला, म्हणून त्यांनी गणित करकरून विवाहाची एकच शुभ घटिका काढली. पाण्याने भरलेल्या पात्रात छिद्राची वाटी तरंगत ठेवली. ती भरून बुडाली की मुहूर्त. नटलेली मुलगी कुतूहलाने त्या पात्रावर वाकली, तिच्या अलंकारातला एक मोती निसटून वाटीत पडला, छिद्र बुजले, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळून गेला. मग पिता म्हणाला, तुझे नाव युगानुयुगे राहील असा ग्रंथ मी लिहितो. येथवर आले की मांडवातल्या बायका पदराने डोळे टिपतात.

पण आख्यान सांगून झाले की उत्तररंग आवरताना मी आणखीही दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की, ही कथा मूळ संस्कृत ग्रंथात नाही. ती आपल्याला सापडते अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात. म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, छत्तीस वर्षांच्या भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला आणि लीलावती हा त्याचा पहिला भाग. त्यात मुहूर्त चुकलेली मुलगी कोठेच नाही. तेथे आहे ती गणित करणारी मुलगी. आचार्य तिला नावाने हाक मारतात आणि प्रश्न घालतात. भुंग्यांचा थवा फुलांवर वाटला गेला, तर सारे भुंगे किती? वाऱ्याने कललेले कमळ पाण्यात बुडाले, तर पाणी किती खोल? कर्णावर चिडलेल्या अर्जुनाने सोडलेल्या बाणांची संख्या सांग. ती त्यांची कन्या होती, पत्नी होती, की कल्पनेतली शिष्या होती, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मला त्यातून एकच कळते. बाराव्या शतकातल्या एका वैदिक ब्राह्मणाला गणिताचे पाठ्यपुस्तक लिहिताना समोर बसलेली विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणण्यात काही विपरीत वाटले नाही.

दुसरी गोष्ट खानदेशातली आहे. चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटणे म्हणून जागा आहे. पाटणादेवी म्हणून भाविकांना ती ठाऊक असते. तेथल्या देवळातील एका शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची आणि १२०७ साली त्याला दाने मिळाल्याची नोंद आहे. (मुक्ताईचा शिष्य झालेला चांगदेव तो निराळा, नामसादृश्याने गल्लत होऊ नये.) देवीचे स्थान आणि गणिताचा मठ एकाच डोंगरात, एकाच दानधर्मात सामावले होते. आपल्या घरांतून हल्ली देवघर एका खोलीत आणि मुलीचे पदार्थविज्ञानाचे पुस्तक दुसऱ्या खोलीत, अशी जी मनातल्या मनात भिंत घातली जाते, ती त्या लोकांना समजली नसती.

आता आख्यानातला मोती पुन्हा उचलू. मुहूर्त चुकला म्हणून आपण लीलावतीसाठी रडतो. पण आज आपल्या मुलींचे जे मुहूर्त चुकतात, त्यांना कोणी डोळे टिपत नाही. दहावीनंतर विज्ञान शाखेचा अर्ज, बारावीनंतरची प्रवेशपरीक्षा, पदवीनंतर दूरगावच्या संस्थेत मिळालेली जागा, एवढ्या तीनचार घटिका असतात. त्या पंचांगात छापलेल्या नसतात आणि एकदा टळल्या की फिरून येत नाहीत. आणि छिद्रात अडकणारा मोती बहुधा मुलीच्याच अलंकारातला असतो. म्हणजे असे की, तिच्या लग्नासाठी जमवलेले सोने असते, म्हणून शिक्षणाला पैसा नसतो. तिच्या लग्नाची घाई असते, म्हणून पुढच्या दोन वर्षांना वेळ नसतो.

ज्योतिषाचे जुजबी ज्ञान असल्याने आमच्या कृष्णाकाठच्या क्षेत्रात लोक माझ्याकडे पंचांग विचारावयास येतात. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. सुशील मनुष्य, वारकरी, माझ्या कीर्तनाला नेमाने पुढच्या रांगेत बसणारे. मुलगी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन पहिल्या वर्गात आली होती आणि पुण्यातल्या एका संस्थेत संशोधनासाठी तिची निवड झाली होती. ज्येष्ठातला मुहूर्त त्यांना हवा होता. मी म्हटले, ‘‘अहो, ज्येष्ठात तिला रुजू व्हायचे आहे ना? मुहूर्त मार्गशीर्षातही मिळेल, जागा मिळणार नाही.’’ ते म्हणाले, ‘‘बुवा, तुमचे खरे आहे, पण मुलाकडचे थांबावयास तयार नाहीत. आणि आणखी पाच वर्षे शिकली, तर तिच्या तोलाचा मुलगा मी आणू कुठून?’’ मी मुहूर्त काढून दिला नाही. त्यांनी तो दुसरीकडून काढून घेतला. लग्न थाटात झाले. मुलगी आता सासरी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते आणि सुखात आहे, असे तिचे वडील सांगतात. खोटे सांगत नसतील. परंतु ते सांगताना ते माझ्याकडे पाहात नाहीत, माझ्यामागच्या देवळाच्या कळसाकडे पाहतात.

त्यांच्या बोलण्यातील भीती मात्र खोटी नव्हे, म्हणून तिची टवाळी करून चालावयाचे नाही. शिकलेल्या मुलीला तोलाचा मुलगा मिळत नाही, याचा अर्थ मुलगी अधिक शिकली असा आपण लावतो. मुलगा कमी पडला, किंवा त्याच्या घरचे कमी पडले, असा अर्थ लावावयास काय हरकत आहे? सोयरीक ठरवताना आपण गोत्र, नाडी, मंगळ सारे पाहतो. त्याच बैठकीत मुलीच्या बापाने एक वाक्य विचारावे: ‘‘हिचे संशोधन लग्नानंतर चालू राहील ना?’’ गुण छत्तीसातले किती जमतात, हे विचारण्यापेक्षा हे विचारण्यात कमीपणा काही नाही. आणि ज्यांच्या घरी मुलगे आहेत, त्यांना तर मी अधिकच सांगेन. हा प्रश्न तुम्हांला कोणी विचारण्याची वाट पाहू नका. आपण होऊन उत्तर द्या.

आता शास्त्राधार. आमच्या वर्गातले काही लोक म्हणतात, हे सारे आधुनिक आहे, शास्त्राला धरून नाही. बृहदारण्यक उपनिषद काढून पाहावे. शेवटच्या अध्यायात इष्ट संतती व्हावी म्हणून दांपत्याने कोणता भात शिजवून तुपासह खावा, याचे विधी आहेत. वेद जाणणारा पुत्र व्हावा, याचे आहेतच. पण त्यांच्याच मधोमध, आपली कन्या पंडिता व्हावी अशी इच्छा असेल, तर तिळाचा भात शिजवावा, असा स्वतंत्र विधी आहे. ज्यांना मुलगी झाली म्हणजे नशिबावर हवाला ठेवावा असे वाटते, त्यांनी हे स्थळ अवश्य वाचावे. तेथे मुलगी चुकून झालेली नाही, मागून घेतलेली आहे, आणि तीही विदुषी.

या स्थळावर पूज्यपाद शंकराचार्यांचे भाष्य असे आहे की, कन्येचे हे पांडित्य गृहकृत्यांविषयीचेच समजावे, कारण तिला वेदाधिकार नाही. आचार्यांच्या चरणी माझे मस्तक आहे. त्यांच्या काळाच्या आचारव्यवस्थेत त्यांनी तो अर्थ लावला. तथापि मूळ वाक्यात पुत्राकरिता आणि कन्येकरिता पंडित हाच शब्द लिंगभेदाने आला आहे, आणि एकाच शब्दाचा अर्थ एका ओळीत सभा जिंकणारा आणि दुसरीत स्वयंपाक जाणणारी असा करणे माझ्या अल्प बुद्धीला जड जाते. शिवाय जे उपनिषद हे सांगते, त्याच उपनिषदात गार्गी आहे.

गार्गीची कथा आपण अर्धीच सांगतो. जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्यांना विचारते, हे सारे पाण्यात आडवेउभे विणले आहे, तर पाणी कशात विणले आहे? वायूत. वायू कशात? अशी ती एकेक पायरी चढत जाते, तो ऋषी म्हणतात, आता अतिप्रश्न करू नकोस, मस्तक गळून पडेल. गार्गी गप्प बसते. पुष्कळ हरदास येथे आख्यान संपवितात आणि मुलींनी फार प्रश्न विचारू नयेत असा बोध काढून मोकळे होतात. पण पोथीचे पान उलटावे! एका ब्राह्मणाच्या अंतराने गार्गी पुन्हा उठते. सभेची अनुज्ञा घेते आणि म्हणते की, धनुष्याला दोरी चढवून दोन बाण हाती घेतलेल्या वीरासारखी मी दोन प्रश्न घेऊन तुझ्यापुढे उभी आहे. या वेळी ऋषी तिला थांबवीत नाहीत; अक्षरब्रह्माचे जे निरूपण ते करतात, ते तिच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. आणि सभेला शेवटी, याला कोणी जिंकणार नाही, असा निर्वाळा देते तीही गार्गीच. परीक्षा कोणी कोणाची घेतली, ते वाचकांनी ठरवावे. हे कशात विणले आहे, आणि ते कशात, हा प्रश्न आजची रसायनशास्त्राची विद्यार्थिनी विचारते, तेव्हा ती काही परदेशी खूळ घरात आणीत नसते.

गप्प बसवल्यानंतर पुन्हा उठणारी गार्गी आपल्या मराठी घरांतही होऊन गेली आहे. दुर्गाबाई भागवत सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची धाकटी बहीण कमला तितकी ठाऊक नाही. १९३३ साली मुंबईहून उत्तम यश मिळवून बी.एस्सी. झालेल्या या मुलीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. तो नाकारला गेला. कारण एवढेच की ती मुलगी होती. नाकारणारे साक्षात नोबेल पारितोषिक मिळविलेले चंद्रशेखर व्यंकट रामन. मुलीने माघार घेतली नाही. ती बंगळूरला जाऊन त्यांच्या दारात ठाण मांडून बसली. अखेर एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर तिला घेतले. ती अट तिला अपमानाची वाटली आणि तिने ती पुढे बोलूनही दाखविली; पण काम मात्र असे केले की रामन यांचे मत पालटले आणि त्यानंतर मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला. १९३९ साली तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. वनस्पतींच्या पेशींत श्वसनाला साहाय्य करणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते, हे तिने दाखवून दिले. पुढे त्या कमला सोहोनी झाल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी पिढ्या घडविल्या, आणि गोरगरिबांच्या आहारात नीरेचा काय उपयोग होईल, कडधान्यांत पोषण किती, असल्या आपल्या स्वयंपाकघराशी नाते सांगणाऱ्या विषयांवर संशोधन केले.

या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही त्याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. दारात ठाण मांडून बसलेल्या मुलीच्या पाठीशी घर होते. धैर्य मुलीचे, यात शंका नाही. परंतु धैर्याला रात्री परत येऊन जेवावयास घर लागते. मागे घरही नसते, तर ती कोठवर टिकती?

दुसरी भीती धर्माची. मुलगी प्रयोगशाळेत गेली की देवधर्म सुटतो, कुळाचार कोण करील, असे वयस्कर मंडळी विचारतात. त्यांना डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण द्यावीशी वाटते. १८८३ साली अमेरिकेस निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालमधल्या, त्यांनी जे भाषण केले, त्यात आपण हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हे ठणकावून सांगितले होते. आणि तेथल्या कडाक्याच्या थंडीतही त्यांनी लुगडे आणि शाकाहार सोडला नाही. १८८६ साली एम.डी. होऊन त्या परतल्या आणि बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. निघताना ज्यांनी त्यांच्यावर बहिष्काराची भाषा केली, त्यांच्याच नातवंडांनी पुढे त्यांच्या तसबिरींना हार घातले. आपली ही जुनी खोड आहे. हार घालावयास आपण कधी उशीर करीत नाही, दार उघडावयास मात्र करतो.

मंगळयानाचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सकाळी यान मंगळाभोवती फिरू लागले. त्या दिवशी सूर्योदयाला भाद्रपद अमावास्या होती. घटस्थापना दुसऱ्या दिवशी झाली. (अमावास्येला एवढे मोठे कार्य कसे सिद्धीस गेले, असे मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते की, ग्रहाची गती ज्याने अचूक मोजली, त्याचा तोच मुहूर्त.) रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या बायका आनंदाने एकमेकींना कवटाळीत आहेत, असे एक छायाचित्र तेव्हा सर्वत्र झळकले आणि आपण सर्वांनी ते कौतुकाने एकमेकांना दाखविले. पुढे अंतराळ संशोधन संस्थेनेच खुलासा केला की, छायाचित्रातल्या त्या स्त्रिया कार्यालयीन कर्मचारी होत्या. मोहिमेवर काम केलेल्या स्त्री-वैज्ञानिक निराळ्या होत्या आणि त्या नियंत्रणकक्षात होत्या. रितू करिधाल आणि नंदिनी हरिनाथ ही त्यांतली नावे. कार्यालयातल्या भगिनींचा आनंदही खरा, त्यांचे कामही मोलाचे. परंतु गजरा पाहून आपले समाधान झाले आणि आतल्या कक्षात कोण आहे, हे पाहावयास आपण गेलो नाही. त्याच रितू करिधाल २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या मोहीम-संचालक झाल्या, प्रकल्प-संचालक होत्या एम. वनिता, आणि सूर्याकडे २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ च्या प्रकल्प-संचालक निगार शाजी. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा त्याच्या सहयोगी प्रकल्प-संचालक कल्पना के. होत्या. ही नावे आपल्या मुलींना पाठ असावीत. सिनेनट्यांची असतातच.

मी कीर्तनकार; मला घराच्या आत शिरून बोलण्याचा जुना परवाना आहे, म्हणून आता स्वयंपाकघरात येतो. नवरात्र आणि सहामाही परीक्षा पुष्कळदा एकाच आठवड्यात येतात. नऊ दिवसांचा नैवेद्य, सवाष्णी, फराळ, आल्यागेल्याचे चहापाणी, यांसाठी हात कोणाचे लागतात? मुलगी बारावीला असली तरी तिचे. तिचा भाऊ नववीत असला तरी त्याच्या खोलीचे दार ‘तो अभ्यास करतोय’ म्हणून लोटलेले असते. माउल्यांनो, देवीच्या नैवेद्याला मुलाचा हात लागला तर सोवळे मोडत नाही. मोठमोठ्या देवळांतून नैवेद्य रांधणारे पुरुषच असतात. मुलाला आंघोळ घालून सोवळे नेसवा आणि वरणाला फोडणी द्यावयास शिकवा. मुलीला समाकलनाचे गणित पुरे करू द्या. यात देवीचा कोप होईल असे कोणी म्हणाले, तर त्यास माझ्याकडे पाठवावे.

दुसरी गोष्ट पैशाची. येथे अज्ञान फार आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले आहे. तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती पदविका वा पदवी घेणाऱ्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते आणि एका घरातल्या दोन मुलींना ती मिळू शकते. संसारामुळे ज्यांच्या संशोधनात खंड पडला, त्या स्त्रियांना परत येता यावे, यासाठीही केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून योजना चालविल्या आहेत. मघाच्या त्या शिकवण्या घेणाऱ्या मुलीच्या वडिलांना मी ते सांगितले आहे. दूर वसतिगृहात कशी ठेवू, अशी चिंता असणाऱ्यांसाठी कर्वे संस्थेचे पुण्यातले कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून केवळ मुलींसाठी आहे. आमच्या क्षेत्रात देवळासमोर फुलांची परडी घेऊन बसणाऱ्या एका बाईंची मुलगी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन कारखान्यात लागली. त्या बाई मला म्हणाल्या, ‘‘बुवा, सोनं नाही केलं तिला. फीच भरली.’’

आणि लहान मुलींविषयी एक सूचना. २८ फेब्रुवारी या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना पाहावयास खुली करतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ताटल्या शेतांमधून आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. लेण्याद्रीच्या आणि ओझरच्या गणपतीला आपण गाडी करून जातोच. तेथून ते ठिकाण फार दूर नाही. अष्टविनायकाच्या यात्रेत मुलींना तीही एक जागा दाखवावी.

दसऱ्याला पाटीपूजन आहे. एकाच्या आकड्यांची सरस्वती आपण पाटीवर काढतो. माझ्या आजीने मला ती शिकविली आणि मी नातीला शिकविली. जगात दुसऱ्या कोणत्या विद्यादेवतेची मूर्ती अंकांनी घडविली जाते, मला ठाऊक नाही. पूजा झाली, आपट्याची पाने वाटून झाली, की मुलीच्या शाळेच्या दाखल्यांची पिशवी काढावी. वर सांगितलेल्या सवलतींना उत्पन्नाचा दाखला लागतो, काहींना नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रही लागते, आणि प्रवेशाच्या दिवसांत त्यासाठी सेतू केंद्रावर मोठ्या रांगा लागतात. कोणते कागद पुरे आहेत नि कोणते काढावयाचे आहेत, याची यादी दसऱ्याच्या संध्याकाळीच करून ठेवावी. बापाला वेळ नसेल तर आजोबांनी करावी.